चमचाभर क्रिएटिन, पण कुणासाठी?

साशंक : जिमच्या काउंटरवर मांडलेल्या डब्यांविषयी माझं मत फार पूर्वी बनलं आणि ते बदलावं असं फारसं काही घडलेलं नाही. दर काही वर्षांनी नवं नाव येतं. कधी ग्लुटामिन, कधी कार्निटिन, कधी बीसीएए. प्रत्येकाच्या मागे एखादं अमिनो आम्ल उभं असतं आणि युक्तिवाद तोच असतो : स्नायूंमध्ये हे सापडतं, म्हणून हे खाल्लं की स्नायू वाढतील. आता पाळी क्रिएटिनची आहे. पूर्वी हा विषय शरीर कमावणाऱ्या पोरांपुरता होता. आता माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या पासष्टीच्या बाई विचारतात, ‘डॉक्टर, सून म्हणते क्रिएटिन घ्या, गुडघ्यांना आणि डोक्यालाही चांगलं. घेऊ का?’ शरीर जे स्वतःच तयार करतं ते डब्यातून विकत का घ्यायचं, हे मला कुणीतरी नीट सांगावं.

आग्रही : सांगते, पण आधी क्रिएटिनला त्या रांगेतून बाहेर काढा. ग्लुटामिन किंवा बीसीएए ही अमिनो आम्लंच आहेत. पोटभर वरण-भात, दूध, अंडी खाणाऱ्याला ती जेवणातून मिळतात. क्रिएटिन हे अमिनो आम्लांपासून बनलेलं, पण प्रथिनांत न सापडणारं वेगळं संयुग आहे. आर्जिनिन आणि ग्लायसिन यांच्यापासून मूत्रपिंडात त्याचा कच्चा सांगाडा तयार होतो, तो रक्तातून यकृतात जातो आणि तिथे मेथिओनिनकडून एक मिथाइल गट घेऊन पूर्ण होतो. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात असा साधारण 120 ग्रॅमचा साठा असतो, त्यातला 95 टक्के स्नायूंत. रोज त्यातलं दोनेक ग्रॅम आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातं. ही झीज निम्मी शरीर भरून काढतं आणि उरलेली निम्मी एरवी अन्नातून येते. कुठल्या अन्नातून? मांस आणि मासे. कच्च्या मांसात किलोमागे चार-पाच ग्रॅम. दुधात नाममात्र, डाळी-कडधान्यांत आणि भाजीत नाहीच. 1832 साली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ प्रथम सापडला तो मांसाच्या पाणीदार रश्शात. कोल्हापुरात पैलवानाला मटणाचं अळणी पाजतात, तेव्हा त्याच्या पोटात थोडं क्रिएटिनही जातच असतं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे त्या घरातल्या माणसाला मात्र सगळं क्रिएटिन स्वतःच बनवावं लागतं, आणि अशा लोकांच्या स्नायूंतला साठा मांसाहारी लोकांपेक्षा कमी असतो. हे स्नायूचा कण काढून मोजलेलं आहे.

आता त्याचं काम. स्नायूला आकुंचन पावायला एटीपी हा ऊर्जेचा रेणू लागतो आणि तयार एटीपी दोन-तीन सेकंदच पुरतो. त्यानंतर ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनेपर्यंतचा काळ भरून काढतो तो फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन. तो आपला फॉस्फेट देऊन टाकतो आणि एटीपी पुन्हा उभा राहतो. जड वजन उचलताना, कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे झेप घेताना, कुस्तीत पट काढताना जे पहिले दहा सेकंद असतात, ते याचे. स्नायूंतलं हे फॉस्फोक्रिएटिन 1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर दाखवून देणारा माणूस आपला होता : भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. ज्यांचं नाव प्रत्येक भारतीय विज्ञानाच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत असायला हवं, त्यांच्याविषयी आपल्याकडे किती थोडी माणसं बोलतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

साशंक : सुब्बारावांविषयी मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. पण एखादी यंत्रणा कशी चालते हे कळणं आणि तिच्यात बाहेरून जास्त इंधन ओतल्याने माणसाचं भलं होतं हे सिद्ध होणं, यांत फार मोठं अंतर आहे. क्रिएटिनच्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतल्या पेशींचा ऊर्जापुरवठा बिघडतो, क्रिएटिन ऊर्जेचा साठा वाढवतं, उंदरांमध्ये त्याने पेशी वाचल्या. तर्क निर्दोष होता. मग अमेरिका आणि कॅनडात 1,741 रुग्णांना वर्षानुवर्षं रोज 10 ग्रॅम क्रिएटिन किंवा बिनऔषधी पावडर दिली गेली. 2013 मध्ये तो प्रयोग मधेच थांबवावा लागला, कारण दोन्ही गटांत फरक पडण्याची आशाच उरली नव्हती. हंटिंग्टनच्या आजारातही तेच झालं, आणि तिथे तर मात्रा रोज 40 ग्रॅमपर्यंत नेली होती. इतक्या सुंदर तर्काचं असं होऊ शकतं, म्हणून मी तर्कावर थांबत नाही. मला विचारायचं असतं : कुणाला, कशात, किती फरक पडला?

आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला आजूबाजूला दिसतं ते असं. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा घ्या. गावाबाहेरच्या मैदानावर पहाटे पळतो, संध्याकाळी जिमला जातो, आणि जिमवाला त्याला सांगतो, क्रिएटिनशिवाय मार्क पडणार नाहीत. त्याची मैदानी परीक्षा काय आहे? 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. गोळा एका झटक्यात फेकायचा असतो, तिथे उपयोग होईल. शंभर मीटरमध्येही कदाचित. पण 1600 मीटर हे पाच-सहा मिनिटांचं काम आहे, ते दमावर चालतं. क्रिएटिनने स्नायूंत पाणी धरलं जातं आणि पहिल्या आठवड्यातच किलोभर वजन वाढू शकतं. ते वाढलेलं वजन घेऊन त्याला चार फेऱ्या मारायच्या आहेत, आणि सर्वांत जास्त गुण त्याच धावण्याला आहेत. हे त्याला कुणी सांगत नाही. बापाच्या दूध-डेअरीच्या हप्त्यातून तो डबा येतो. याचा मला राग आहे.

आग्रही : तो राग मलाही आहे. त्या मुलाला मी डबा घेऊ नकोस असंच सांगेन, निदान आधी दोन वेळचं पोटभर जेवण, रोज दूध-अंडी आणि आठ तास झोप यांची सोय कर असं म्हणेन. पण तुम्ही प्रश्न विचारलात : कुणाला, कशात, किती? त्याची उत्तरं या एका पदार्थाच्या बाबतीत खरंच आहेत. म्हणून तर मी त्याची बाजू घेते, नाहीतर उरलेल्या बहुतेक डब्यांविषयी माझं मत तुमच्यासारखंच आहे. 1992 मध्ये रॉजर हॅरिस आणि एरिक हुल्टमन यांच्या गटाने दाखवलं की तोंडावाटे घेतलेलं क्रिएटिन स्नायूंत जाऊन साठतं, आणि ज्यांचा मुळातला साठा कमी त्यांच्यात वाढ जास्त होते. चार वर्षांनी हुल्टमननीच दाखवलं की आठवडाभर रोज वीस ग्रॅम ढोसायची गरज नाही. रोज तीन ग्रॅम घेतलं तरी महिन्याभरात साठा तेवढाच, साधारण वीस टक्क्यांनी, वाढतो. चमचाभर पावडर. तीही मांसातून काढलेली नव्हे, कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइडपासून बनवलेली, त्यामुळे माळकऱ्यालाही चालणारी. आणि साधं मोनोहायड्रेट पुरतं. हायड्रोक्लोराइड, इथाइल एस्टर, गमी असल्या महाग रूपांची काही गरज नाही.

पण मला जिमच्या पोरांविषयी बोलायचंच नाहीये. मी फिजिओथेरपीत आहे. माझ्याकडे येतात त्या साठी ओलांडलेल्या बायका. त्यांची तक्रार दंड किती फुगला याची नसते. जमिनीवर बसलं की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येत नाही, एसटीची पहिली पायरी चढवत नाही, भरलेली बादली न्हाणीतून बाहेर आणवत नाही, ही तक्रार असते. वय वाढताना स्नायूंतले जे झटपट काम करणारे तंतू आधी आणि जास्त झिजतात, तेच या कामांना लागतात. आणि त्याच तंतूंचं इंधन फॉस्फोक्रिएटिन आहे. 2017 मध्ये फिल चिलिबेक आणि सहकाऱ्यांनी बावीस अभ्यास एकत्र करून पाहिले, एकूण सातशेवर माणसं, सरासरी वयं सत्तावन्न ते सत्तर. सगळ्यांनी वजनांचा व्यायाम केला. त्यांतल्या क्रिएटिन घेणाऱ्यांत चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सुमारे 1.4 किलोने जास्त वाढलं आणि पायांची व छातीची ताकदही जास्त वाढली. आता विचार करा, या बायका आयुष्यभर कसं जेवल्या. सगळ्यांचं वाढून झाल्यावर, उरलेलं. मांसाहारी घरातसुद्धा मटणाच्या फोडी आधी पुरुषांच्या ताटात जातात. शाकाहारी घरात तर प्रश्नच नाही. क्रिएटिनचा डबा ज्यांच्यासाठी सगळ्यात कमी छापला जातो, त्यांनाच तो सगळ्यात जास्त लागू पडण्याची शक्यता आहे. हे माझं म्हणणं आहे.

साशंक : तुमचं म्हणणं मला पटावं असं वाटतं, कारण त्या बायका माझ्याही ओळखीच्या आहेत. पण 1.4 किलोकडे जरा थांबून पाहू. चरबीविरहित वजन म्हणजे स्नायू नव्हे. त्यात पाणीही येतं, आणि क्रिएटिन पाणी ओढतं हे आपण दोघं मान्य करतो. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातून एक अभ्यास आला. तिथल्या संशोधकांनी एक शहाणपण केलं : व्यायाम सुरू करायच्या आधी आठवडाभर एका गटाला नुसतं क्रिएटिन दिलं आणि वजन मोजलं. पहिल्याच आठवड्यात, व्यायामाशिवाय, अर्धा किलो ‘वाढ’ दिसली. पुढे बारा आठवडे दोन्ही गटांनी व्यायाम केला, तेव्हा दोघांतही जवळजवळ सारखीच, दोनेक किलोची, वाढ झाली. म्हणजे क्रिएटिनच्या नावावर जमा केलेला बराच भाग आरंभीच्या पाण्याचा असू शकतो. पूर्वीच्या अनेक अभ्यासांत तो पहिला आठवडा वेगळा मोजलेलाच नव्हता.

हाडांचंही तसंच. पाळी गेलेल्या 237 स्त्रियांना दोन वर्षं, रोज भरपूर मात्रेत क्रिएटिन आणि आठवड्यातून तीनदा व्यायाम, असा प्रयोग याच चिलिबेक यांच्या गटाने केला. 2023 मध्ये निष्कर्ष आले. हाडांच्या घनतेत फरक नाही. मांडीच्या हाडाच्या मानेच्या रचनेत काही मोजमापं जराशी बरी निघाली. त्यावर कुणी ‘हाडांसाठी क्रिएटिन’ असं छापलं तर मी त्याला खोटारडेपणा म्हणेन. सगळीकडे मला एकच चित्र दिसतं. व्यायाम हे औषध आहे, आणि पावडर त्याच्या शेजारी उभी राहून श्रेय घेते. तुमच्या बायकांना आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून उठबस करायला लावलीत, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायला लावल्यात, तर त्या सुधारतील. क्रिएटिनशिवायसुद्धा.

आग्रही : सुधारतील. रोज पाहते. व्यायामाविना क्रिएटिनने वयस्कर माणसाला फारसं काही मिळत नाही, हेही मी कबूल करते. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही पंचावन्नच्या पुढच्यांसाठी ताकदीविषयीचा दावा मान्य केला तो याच अटीवर : नियमित वजनांचा व्यायाम आणि रोज निदान तीन ग्रॅम. पण तुमचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास प्रौढ, बऱ्यापैकी तरुण, निरोगी लोकांचा होता, आणि त्यात चरबीविरहित वजन मोजलं होतं. मला वजनाचं काय करायचंय? वयस्करांच्या अभ्यासांत पायांची ताकदही वाढली, आणि ताकद पाण्याने वाढत नाही. दहा वेळा उठबस करू शकणारी बाई तेरा वेळा करू शकली, तर तिचा व्यायामच जास्त झाला, आणि जास्त झालेला व्यायाम पुढच्या महिन्याची ताकद ठरवतो. क्रिएटिनचा फायदा बहुधा याच वाटेने येतो : ते स्नायू बांधत नाही, पण बांधणारं काम थोडं अधिक करू देतं. तुम्ही व्यायामाचं श्रेय आणि पावडरीचं श्रेय वेगळं करा म्हणता. माझ्या मते ते पूर्ण वेगळं होणारच नाही.

मला वाटलं होतं तुम्ही सुरुवात किडनीपासून कराल. सगळे तिथूनच करतात.

साशंक : मुद्दाम केली नाही, कारण किडनीविषयीची लोकांची भीती आणि माझी भीती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोकांना वाटतं क्रिएटिन किडनी खराब करतं. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसात, सांगितलेल्या मात्रेत, असं होतं याला पुरावा नाही. एखाददुसरी जुनी रुग्णकथा आहे. 1998 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली तर खूप गाजली, पण तो तरुण आधीपासूनच मूत्रपिंडाच्या आजाराचा रुग्ण होता. उलट मघाशी मी सांगितलेल्या पार्किन्सनच्या प्रयोगात साठीच्या आसपासची माणसं वर्षानुवर्षं रोज दहा ग्रॅम घेत होती आणि गंभीर दुष्परिणामांत दोन गटांत फरक आढळला नाही. माझ्याच उदाहरणाने तुमची बाजू बळकट होते. होऊ द्या. केस गळण्याची भीतीही अशीच आहे. तिचं मूळ 2009 मधल्या वीस रग्बीपटूंवरच्या एका अभ्यासात आहे, आणि त्यात केस मोजलेच नव्हते, फक्त रक्तातलं एक हार्मोन मोजलं होतं.

माझी भीती मोजमापाची आहे. आपल्याकडे मूत्रपिंडाची तब्येत तपासायची म्हणजे काय करतात? लॅबमध्ये ‘क्रिएटिनिन’ बघतात. हे क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनच झिजून बनलेलं. पावडर घेणाऱ्याचं ते वाढलेलं दिसू शकतं, मूत्रपिंड ठणठणीत असताना. मग घरात रडारड, तज्ज्ञाकडे धाव, हजारोंच्या तपासण्या. हे एक झालं. याहून वाईट याच्या उलटं आहे. ज्याचं मूत्रपिंड खरोखरच बिघडत चाललंय, त्याचा वाढलेला आकडा पाहून घरचे म्हणतात, ‘अहो, ते पावडरमुळे’, आणि सहा महिने निघून जातात. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, आणि मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही, खुपत नाही.

आणि आता तुमच्याच बाईकडे या. तिचे स्नायू कमी आहेत. स्नायू कमी म्हणजे तिच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. म्हणून रिपोर्टवर ‘0.9, नॉर्मल’ लिहून आलं तरी तिचं मूत्रपिंड बरंच मंदावलेलं असू शकतं. ज्या व्यक्तीला तुम्ही पावडर द्यायला निघालात, तिच्याच बाबतीत ही तपासणी सर्वांत जास्त फसवते : आधी खोटा दिलासा आणि पावडर सुरू झाल्यावर खोटी धास्ती. ज्या अभ्यासांचे दाखले तुम्ही दिलेत, त्यांत मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आधीच चाळून वगळलं जातं. तुमच्या केंद्रात कोण चाळणार?

आग्रही : हा मुद्दा मला कुणी इतक्या स्पष्टपणे मांडलेला नव्हता, आणि तो मी डावलणार नाही. उपाय आहे. सुरू करण्याआधी क्रिएटिनिनबरोबर सिस्टॅटिन-सी तपासायचं, जे स्नायूंवर किंवा क्रिएटिनवर अवलंबून नसतं. लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं. साखर आणि रक्तदाब बघायचा. पावडर घेते हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, आणि शंका आली तर चार-सहा आठवडे बंद करून पुन्हा मोजायचं. साठा तेवढ्या काळात मूळ पातळीवर येतो.

साशंक : तालुक्याच्या गावी सिस्टॅटिन-सी सांगून पाहा. नमुना बाहेरगावी जातो आणि पैसे क्रिएटिनिनच्या कितीतरी पट. तीन ग्रॅम पावडरीच्या मागे एवढी तपासणी लावायची तर ती स्वस्त राहत नाही. आणि तपासणी न लावता द्यायची तर ती निर्धोक राहत नाही. त्यातून डब्यात काय आहे याचीही खात्री हवी. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात मिळणाऱ्या 36 प्रथिन-पावडरी तपासल्या. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्क्यांच्या डब्यावरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. त्या क्रिएटिनच्या नव्हत्या हे मला माहीत आहे, पण बाजार तोच आहे, दुकानं तीच. अशा डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे, आणि आपण दोघं इथे बसून त्याचा औषधासारखाच विचार करतोय.

पण हे झालं व्यवहाराचं. माझा मुळातला प्रश्न अजून तिथेच आहे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिन कमी असतं, असं तुम्ही सुरुवातीला म्हणालात, आणि ते ‘भरून काढायला हवं’ असं न म्हणता सुचवलंत. का? बी-12 कमी पडलं तर रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात, मज्जारज्जू बिघडतो. तिथे मी डोळे मिटून गोळी देतो. क्रिएटिन कमी म्हणून शाकाहारी माणसाला कुठला आजार होतो? जैन, वारकरी, लिंगायत घरांत लोक पिढ्यान्‌पिढ्या जगले, शेती केली, पंढरीची वाट चालले. मांसाहाऱ्याचा आकडा हाच बरोबर आणि शाकाहाऱ्याचा तुटीचा, हे कुणी ठरवलं?

आग्रही : क्रिएटिन खरोखरच नसलं तर काय होतं हे माहीत आहे. काही मुलांमध्ये जन्मतःच ते बनवणारं एन्झाइम नसतं. 1994 मध्ये असा दोष पहिल्यांदा ओळखला गेला. ती मुलं बोलायला शिकत नाहीत, त्यांना झटके येतात. त्यांना तोंडावाटे क्रिएटिन दिलं की सुधारणा होते, लवकर दिलं तर फार चांगली. म्हणजे मेंदूला हा पदार्थ लागतो, यात वाद नाही.

साशंक : त्याच आजारांचा आणखी एक प्रकार का सोडलात? क्रिएटिन बनतं, पण पेशीत नेणारी वाहतूकच बिघडलेली असते. त्या मुलांना कितीही क्रिएटिन पाजलं तरी मेंदूत फारसं पोहोचत नाही. मेंदू आपलं क्रिएटिन बऱ्याच अंशी स्वतः बनवतो आणि बाहेरच्याला सहज आत घेत नाही. म्हणूनच शाकाहारी लोकांच्या स्नायूंत ते कमी असलं तरी मेंदूत जवळपास मांसाहाऱ्यांइतकंच सापडतं. 2003 मध्ये सिडनीत 45 शाकाहारी तरुणांवर प्रयोग झाला, स्मरणशक्ती सुधारली म्हणून गाजला. वीस वर्षांनी जर्मनीत 123 जणांवर, निम्मे शाकाहारी घेऊन, तो पुन्हा केला तेव्हा परिणाम झालाच तर अगदी किरकोळ निघाला, आणि शाकाहाऱ्यांना जास्त फायदा झाला असं मुळीच नाही. 2024 मध्ये तुमच्या त्याच युरोपीय संस्थेने बुद्धीविषयीचा दावा नाकारला. माझ्या पासष्टीच्या बाईला ‘डोक्यासाठी’ म्हणून मी हे देणार नाही.

आग्रही : डोक्यासाठी मीही देणार नाही. आता तरी नाही. पण स्नायूंच्या बाबतीत तुमचा प्रश्न मी उलटा विचारते. कुठलाच आजार नाही म्हणजे कमी नाही, असं का धरायचं? साठीनंतर दरवर्षी थोडे थोडे स्नायू जातात, त्यालाही आपण पिढ्यान्‌पिढ्या आजार म्हटलं नाही. ‘वय झालं’ म्हटलं. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली, सहा महिन्यांत गेली, आणि सगळे म्हणाले, वय झालं होतं. पंढरीची वाट चाललेल्या बायका मलाही दिसतात, पण ज्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या, ज्या निघाल्याच नाहीत, त्यांना कुणी मोजलं? पूर्वजांचं जगणं हे ‘पुरेसं होतं’ याचा पुरावा आहे, ‘चांगलं होतं’ याचा नाही. आणि पूर्वी इतक्या बायका ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत पोहोचत नव्हत्या. चाळिशीत जे पुरतं ते ऐंशीत पुरेल का, हा प्रश्न आपल्या पिढीला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर पडतोय.

साशंक : हे बरोबर आहे, आणि इथे मी अडखळतो. पण त्यातून निघतो तो एक प्रश्न. उत्तर निघत नाही. वयात येणारी प्रत्येक घट भरून काढायची म्हटली तर थांबायचं कुठे? आणि ती भरायची तर आधी काय भरायचं? त्या बाईच्या जेवणात दिवसाला प्रथिनं किती आहेत ते विचारा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भाकरी-भाजी आणि पातळ आमटी, रात्री खिचडी. बी-12 नाही, ड जीवनसत्त्व नाही. या सगळ्याच्या वर तीन ग्रॅम क्रिएटिन ठेवणं म्हणजे पाया न बघता वरचा मजला चढवणं आहे. घरात या विषयावर खर्च करायला जे थोडे पैसे आणि जी थोडी इच्छा आहे, ती डब्याने खाल्ली तर दूध, अंडी, फुटाणे मागे पडतील. डबा विकत घेतला की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. ते समाधान मला सर्वांत धोकादायक वाटतं.

आग्रही : मान्य, क्रम तोच. आधी ताट, मग व्यायाम, मग तपासणी, आणि मग चमचा. पण क्रम लावताना आपण नकळत एक गोष्ट करतो. तिच्या वाट्याला जे सगळ्यात शेवटी यायचं ते कधी येतच नाही. ताट सुधारायचं म्हणजे सगळ्या घराच्या सवयी बदलायच्या. ते मी वर्षानुवर्षं सांगते आणि दहांतल्या दोन घरांत होतं. चमचाभर पावडर पाण्यात ढवळून घेणं तिला एकटीला जमतं, कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही म्हणाल हा समाजाचा प्रश्न पावडरीने सोडवायचा का. नाही. पण तो सुटेपर्यंत तिने काय करायचं?

एक करू. तुमची खात्री कशाने पटेल ते सांगा. मला मनापासून वाटतं की अशी चाचणी इथेच व्हायला हवी : पंढरपूर, सांगली, विदर्भातल्या गावांतल्या, कधीच मांस-मासे न खाल्लेल्या, साठी ओलांडलेल्या बायका. सगळ्यांना व्यायाम, सगळ्यांना सारखी प्रथिनं, अर्ध्या जणींना तीन ग्रॅम क्रिएटिन, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी पावडर, आणि पहिला आठवडा वेगळा मोजलेला. दोन वर्षांनी हाताच्या टेक्याशिवाय जमिनीवरून कोण उठतं, ते बघायचं.

साशंक : मी उठणं मोजणार नाही. दोन वर्षांत किती जणी पडल्या, किती हाडं मोडली आणि कितींचं मूत्रपिंड सिस्टॅटिन-सीने मोजून मंदावलं, ते मी मोजेन. त्याला हजारो बायका लागतील, पाच वर्षं लागतील, आणि ज्या पदार्थाचं पेटंट कुणाकडेच नाही त्याच्यासाठी एवढा पैसा कुठलीही कंपनी घालणार नाही. सरकारने घालावा असं मी म्हणेन. पण सरकारकडे हात पसरायचा तर त्याच पैशात प्रत्येक अंगणवाडीत या बायकांसाठी आठवड्यातून तीन दिवस व्यायामाचा वर्ग चालवा, असं मी आधी मागेन.

आग्रही : आणि मी म्हणेन, त्याच वर्गात ही चाचणी लावा. पडण्या-मोडण्याचा हिशेब पाच वर्षांनी लागेल. माझ्याकडे उद्या सकाळी येणारी बाई पाच वर्षांनी सत्तरीची होईल. तिला मी काय सांगू, यावर तुमचं उत्तर ‘थांबा’ हे आहे. माझं उत्तर ‘तपासून, सांगून, व्यायामासोबत सुरू करा’ हे आहे.

साशंक : तिचं सिस्टॅटिन-सी तुम्ही तपासून घेणार असाल, तर तिला माझ्याकडेही पाठवा. मी तिला अडवणार नाही. पण तिच्या कागदावर ‘क्रिएटिन, 3 ग्रॅम, रोज’ असं औषधाच्या यादीत लिहीन, आणि ज्या महिन्यात ती व्यायाम सोडेल त्या महिन्यात ती ओळ खोडेन.

आग्रही : तो खोडण्याचा अधिकार तुमचा की तिचा, हे आपलं अजून ठरायचं आहे.